सातनंबरची हनुवटी

आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं सारखी भांडतायत. आठवड्याभरात कळलं की ही चहा हवा का विचारायची पद्धत आहे. सासूबाईंचा उजवा कान कामातून गेलेला आणि डावा जायच्या तयारीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर घसा ताणूनच बोलावं लागतं. आता माझाही आवाज असा चढलाय की मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथले मालक म्हणतात, "बाई, गिऱ्हाइकाला मूळव्याध आहे हे रस्त्यापलीकडे कळायची गरज नाही."

हे आधी सांगितलं, कारण गोष्ट एका अगदी हळू आवाजातल्या गाण्याची आहे. आणि ते गाणं पुरतं ऐकायला मिळावं म्हणून एका बहिऱ्या बाईनं एका सरकारी कचेरीच्या नाकी नऊ आणले, त्याची.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या सत्तावीस वर्षं डब्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात प्रेसवर होत्या. पत्रा सरकवायचा, पायाखालचं पायडल दाबायचं, वरून ठोकळा धाडकन खाली येतो, झाकण तयार. मग पुढचं. अशी बावीस मशीनं एका शेडमध्ये. तिथे कान असून काडीचा उपयोग नव्हता. बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. सासूसुनांची भांडणं, पोरांची दुखणी, मुकादमाच्या नावानं शिव्या, सगळं ओठांवर, आणि मुकादम पाच फुटांवर उभा. नाव ओठांवर पटकन ओळखू येत नाही म्हणून बोटांनी मशीनचा नंबर दाखवायच्या, आणि पुढे तेच नाव पडायचं. आई सहानंबर. त्यांच्या समोर तोंड करून उभी असायची ती सातनंबर.

सहा नंबरचं मशीन खोडीचं होतं. दोन ठोके बरोबर पडायचे आणि तिसरा दरवेळी उशिरा यायचा. धाड, धाड, आणि मग जरा थांबून धाड. फिटर आले, साहेब आले, सगळ्यांनी हात टेकले. बायका तिला लंगडी म्हणायच्या. आईंच्या आधी तिथे दोघींची बोटं गेली होती, कारण त्या तिसऱ्या ठोक्याला थांबायला शिकल्या नाहीत. आई शिकल्या. सहा आणि सात एकाच सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली, त्यामुळे एकीचा ठोका दुसरीच्या तळपायांना लागायचा. हा ओटा लक्षात ठेवा.

तर ही सातनंबर दिवसभर गायची. काम करता करता, ओठ हलवत, समोर बघत. तिच्या आईची, आजीची गाणी, डोंगरातली. आईंनी एकोणीस वर्षं ती गाणी वाचली. वाचलीच, कारण ऐकू येणं शक्यच नव्हतं. शब्द पाठ झाले. कुठे श्वास घेते ते पाठ झालं. पण आवाज कसा आहे, जाड आहे की बारीक, सुरात आहे की नाही, काही पत्ता नाही. सुटल्यावर बसस्टॉपवर आई म्हणायच्या, "आता म्हण ना एक." तर सातनंबर पदर तोंडाला लावून म्हणायची, "इथं ऐकू येईल की."

माणूस असाही असतो. जिथे कुणाला ऐकू येणार नाही तिथेच गाणारा.

कारखाना बंद पडला. सातनंबर डोंगरात भावाकडे राहायला गेली. दोघीही पत्रं लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या. बारा वर्षांनी तिच्या भाचीचा फोन आला की आत्या गेली. आणि बोलता बोलता ती सहज म्हणाली, "जायच्या दोन वर्षं आधी कुणी गाणी गोळा करणारे आले होते. आत्यानं नऊ गाणी म्हटली. तुमच्याच शहरात आहेत, सरकारी ध्वनिसंग्रहात." फोन मी घेतला होता. आईंना ओरडून सांगितलं. आई हातातली भाजी तशीच ठेवून उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान फार तर वर्षभर. पुढे कानातलं मशीन लावलं तर बोलणं समजेल, पण गाणं म्हणजे पत्रा वाजल्यासारखं लागेल. आई म्हणाल्या, "पत्रा मी पुष्कळ ऐकलाय. मला आता तिला ऐकायचंय." एवढंच त्यांचं मागणं. कान आहे तोवर.

नवरा माझा एसी दुरुस्त करतो, यंत्रातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत. त्यानं संध्याकाळपर्यंत संग्रहाच्या वेबसाइटवरून नऊच्या नऊ गाणी फोनवर उतरवली. आईंच्या कानाला मोठे हेडफोन लावले, आवाज पुरता चढवला आणि जग जिंकल्यासारखा बाजूला बसला. आईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द पाठच होते. पहिलं गाणं संपलं. दुसरं निम्मं झालं आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

"हिची हनुवटी कुठे गेली?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. नवरा म्हणाला, "आई, गाण्यात हनुवटी नसते."

"हिच्या असायची. गाताना मध्येच हनुवटीला हिसका द्यायची. उगाच देतं का कुणी? त्या जागी काहीतरी लागत असणार. इथे त्या जागी काहीच नाही. मोकळं भोक आहे."

"अगं, तू तिचा आवाज जन्मात ऐकला नाहीस. आता ऐकलास तर म्हणतेस, चुकीचा आहे?"

"चुकीचा नाही म्हणत. कमी आहे म्हणते."

खरं सांगते, मलाही हसू आलं. पण मग मी ते हेडफोन लावले. छान होतं, गोड होतं, पण इस्त्री केल्यासारखं. ती एक तारवाद्य छेडत गात होती आणि दोन ओळींच्या मध्ये नुसती शांतता. माणूस बसलेल्या खोलीत अशी शांतता नसते. नवऱ्यानं शोधून सांगितलं की ही लहान केलेली प्रत आहे. मूळ प्रत लॉसलेस, म्हणजे एक कणही न गाळता ठेवलेली. ती संग्रहातच असते, सगळ्यांना देत नाहीत.

"मग तीच आणायची," आई म्हणाल्या.

मंगळवारी माझी सुट्टी, आणि संग्रहही बाहेरच्यांना मंगळवारीच उघडा. गेलो. लांबलचक वाचनालय, शेवटी काचेची खिडकी, काचेमागे चष्मेवाले साहेब. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल म्हणून टाकायचा नाही. त्यानं अर्ज पुढे केला. मूळ प्रत कोणाला मिळेल? संशोधक, संस्था, कलाकार किंवा त्यांचे वारस. सर्वसामान्य श्रोत्यांसाठी लहान प्रत.

"लहान करताना काय काढता?" आईंनी विचारलं.

"जे कानाला तसंही कळत नाही तेवढंच, आजी. शिवाय खरखर, खडखड साफ करतो. तुमच्याच सोयीसाठी."

"कुणाच्या कानाला कळत नाही?"

"साधारण माणसाच्या."

"तो कधी येतो इथे? मला भेटायचंय त्याला."

साहेबांनी चष्मा पुसला. आम्ही परत आलो. पुढच्या मंगळवारी परत गेलो. त्याच्या पुढच्याही. आई हात धुऊन मागे लागल्या होत्या. तिसऱ्या खेपेला माझं डोकं सरकलं आणि मी साहेबांना चार शब्द सुनावले. सगळं वाचनालय माना वर करून बघायला लागलं. आईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "हळू बोल. लोक वाचतायत." या बाईनं मला हे म्हणावं, म्हणजे कमालच झाली.

चौथ्या मंगळवारी जे झालं ते मात्र मी विसरणार नाही. साहेब काचेमागे दुसऱ्या कारकुनाशी बोलत होते. काच बंद, मला अक्षर ऐकू येत नव्हतं. आई एकटक बघत होत्या. मग त्यांनी बोटानं काचेवर टकटक केली. साहेबांनी खिडकी सरकवली.

"'बहिरीला लॉसलेस हवंय, उद्या आंधळा चित्रं मागायला येईल,'" आई म्हणाल्या. "हेच म्हणालात ना? आणि ते म्हणाले, 'म्हातारी डोकं खाते.' सत्तावीस वर्षं ओठ वाचलेत मी, साहेब. काच लावून काय होतंय?"

कारकून फाइल घेऊन पसार झाला. साहेबांचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा सावरायला माणसं आणखी चूक करतात, तशी त्यांनी केली. म्हणाले, "बरं, चला, परीक्षाच घेऊ. दुसऱ्याच एका बासरीच्या दोन प्रती लावतो, एक मूळ, एक लहान. दहा वेळा अदलून बदलून. फरक सांगा. सांगितलात तर मी स्वतः वरिष्ठांशी बोलतो."

मी म्हटलं, आई, नको. त्या बसल्या. हेडफोन लावले. दहातली चार उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती. साहेबांनी अगदी मऊ आवाजात, म्हणजे आईंना कळणारच नाही अशा आवाजात म्हटलं, "बघा आजी, तुम्हाला फरक कळत नाही."

आईंनी त्यांचे ओठ वाचले. हेडफोन घडी करून नीट टेबलावर ठेवले.

"नापास झाले. बरं. मला ऐकू येत नाही हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. माझे कान त्या कारखान्यानं खाल्ले. जे उरलंय त्यातून काय गळेल ते गळू दे, ते माझं मी बघीन. पण तुम्ही आधीच गाळून का देता? लंगड्याला अर्धाच रस्ता द्यायचा, असं कुठे लिहिलंय? मला पुरतं द्या. मग त्यातलं मला किती झेपतं, हा माझा प्रश्न."

मला त्या क्षणी असा अभिमान वाटला की सांगता सोय नाही. चार खेपा मी मनातल्या मनात कटकट करत आले होते, त्याची लाजही वाटली.

मी म्हटलं, "कोरा अर्ज द्या."

संशोधक या चौकोनावर मी खूण केली. साहेब बघत राहिले. संशोधनाचा विषय या रकान्यात आईंनी सांगितलं तसं लिहिलं: गायिकेच्या हनुवटीचा हिसका आणि त्याचं कारण. संशोधनाचा कालावधी: एकोणीस वर्षं. संशोधनाचं ठिकाण: मशीन नंबर सहा. पद्धत: समोर उभं राहून. खाली आईंची सही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एकही रकाना रिकामा नव्हता. शिकलेली माणसं येतात ती निम्मा अर्ज कोरा ठेवतात, असं ते नंतर म्हणाले. पूर्ण भरलेला अर्ज नाकारायचा तर कारण लिहावं लागतं, आणि त्यांना कारण सुचेना. त्यांनी शिक्का मारला. "पुढच्या मंगळवारी या. इथे ऐका, मग प्रत देतो."

पाचव्या मंगळवारी आई धुतलेली साडी नेसून, केस विंचरून आल्या, जशा कुणाकडे पाहुण्या म्हणून जाणार असाव्यात. ऐकायची खोली लहान, जाड भिंतींची, समोर कमरेइतक्या उंचीच्या दोन स्पीकरच्या पेट्या. आई हेडफोन नको म्हणाल्या. खुर्ची एका पेटीला चिकटवली आणि तळहात पेटीवर ठेवला. साहेबांनी गाणं लावलं.

मी आधी माझ्या कानांचं सांगते. पहिल्यांदा खोली आली. कुठेतरी दार होतं, ते जरा हललं. खुर्ची करकरली. मग ती श्वास घेते ते ऐकू आलं, ओळ सुरू व्हायच्या आधी, पाण्यात उतरताना घेतात तसा. नख तारेला लागतं ते, आणि तार थांबल्यावर लाकूड घुमत राहतं तेही. इतक्या हळू गात होती की मी, जी आयुष्यभर ओरडत आले, श्वास रोखून बसले. जाडसर आवाज होता. लहान प्रतीत तो बारीक वाटला होता. आणि या सगळ्याच्या खाली, लांबून आल्यासारखं, जमिनीवर काहीतरी पडत होतं. धप, धप. मग जरा थांबून धप.

मी आईंकडे बघितलं. त्यांचा हात पेटीवर तसाच. डोळे सताड उघडे. पायातली चप्पल त्यांनी केव्हा काढली मला कळलं नाही. उजवा पाय फरशीवर होता आणि पडत होता, पेटीतल्या पायाबरोबर. दोन लागोपाठ, तिसरा उशिरा.

"ही माझी लंगडी आहे," आई म्हणाल्या.

साहेबांना काही कळेना. मला कळायलाही जरा वेळ लागला. सातनंबर पाय आपटत होती, घरी, भावाच्या खोलीत, कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाल्यावर. आणि आपटत होती ते सहा नंबरच्या ठोक्यावर. तिचं स्वतःचं सात नंबर घड्याळासारखं सरळ चालायचं. लंगडणारं फक्त आईंचं होतं. त्या एका ओट्यावरून तिच्या तळपायांना ते एकोणीस वर्षं लागत राहिलं, आणि तिनं सगळी गाणी त्यावरच बसवली. तिसरा ठोका उशिरा यायचा तेव्हा ती हनुवटीनं वाट बघायची. कारखान्यात असताना आईंना वाटायचं, सवय आहे.

मला रडू आवरेना. आई रडल्या नाहीत. त्या साहेबांकडे वळल्या, आणि त्यांचा तो सूर मी ओळखते.

"हे काढून का टाकलंत?"

साहेबांनी नोंदीचा कागद काढला. वाचून दाखवला, आणि मग आईंना नीट दिसावं म्हणून ओठ हलवून परत वाचला: गायन आणि तारवाद्य, एकच व्यक्ती. इतर साथ: नाही. पार्श्वभूमीला अनियमित धप-धप, सार्वजनिक प्रतीतून काढली आहे.

"इतर साथ नाही?" आई म्हणाल्या. "मी समोर उभी होते."

"आजी, तसं नाही, रेकॉर्डिंगच्या वेळी..."

"अनियमित म्हणे. दुसरं गाणं लावा. आवाज बंद करून लावा, मला नको. तुम्ही कानाला लावून ऐका."

साहेबांनी हेडफोन लावले. पेट्या बंद केल्या. आईंनी हात मांडीवर ठेवले, साहेबांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "पहिली ओळ तुम्ही म्हणा, मला जागा कळेल." आणि तो नियमाचा माणूस, कानाला हेडफोन लावून, ती डोंगरातली ओळ ओठांनी पुटपुटायला लागला. आईंचा पाय पडायला लागला. धप, धप, थांबून धप. पूर्ण गाणंभर. एकदाही चुकला नाही. मध्येच दार उघडून वाचनालयातल्या बाई आल्या, "इथे शांतता ठेवा" म्हणाल्या. साहेबांनीच हात करून त्यांना घालवलं.

गाणं संपल्यावर साहेबांनी हेडफोन काढले. बराच वेळ चष्मा पुसला. मग पेन घेतलं आणि इतर साथ या रकान्यातलं 'नाही' खोडलं. "नाव सांगा."

"सहानंबर."

"माणसाचं नाव लागतं, आजी."

"बावीस मशीनं होती त्या शेडमध्ये. एक लंगडी होती, आणि एक बाई तिच्यावर टिकली. कुणालाही विचारा."

त्यांनी तेच लिहिलं. मग आईंनी सार्वजनिक प्रतीतही तो पाय परत घालावा म्हणून वेगळा अर्ज मागितला, आणि तोही पुरता भरला. चार महिने लागले. आता वेबसाइटवर कुणीही ऐकावं, पाय आहे.

डावा कान डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्याही आधी गेला. मोठी प्रत नवऱ्याच्या फोनवर होती, तिथून वायर जोडून घरच्या स्पीकरवर लावतो. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, म्हणजे आईंच्या समोर उभं राहून ओठ हलवून म्हणाला, "आई, आता तुला काहीच ऐकू येत नाही. माझा फोन भरलाय. मोठ्या फाइली काढून लहान ठेवू का?"

आई पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. उजवा पाय फरशीवर पडत होता.

"फोन भरलाय तर तुझे फोटो काढ," त्या म्हणाल्या. "आणि बाजूला हो. सात गातेय."